खुली अवजारे – लेखांक ६ : पहिली पंधरा मिनिटे

मुक्तस्रोत अवजारे कोण घडवतं, हे मागच्या लेखात पाहिलं. आज ती पहिल्यांदाच उघडणाऱ्या माणसाकडे वळू. उदाहरण ओपनरिफाइनचं. अस्ताव्यस्त तक्ते साफ करायला पत्रकार, ग्रंथपाल, संशोधक ते वापरतात. २०१० साली मेटावेब कंपनीत ते ‘फ्रीबेस ग्रिडवर्क्स’ या नावाने तयार झालं. त्याच वर्षी गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि ते ‘गूगल रिफाइन’ झालं. २०१२ मध्ये गूगलने अंग काढून घेतलं, तेव्हापासून ते ओपनरिफाइन म्हणून वापरणाऱ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे.

विंडोजवर ते सुरू केलं की आधी मजकूर धावणारी काळी खिडकी उघडते, मग ब्राउझरमध्ये एक पान. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१:३३३३ असे आकडे. ब्राउझर दिसला की कुणालाही वाटेल, आपली माहिती इंटरनेटवर गेली. खरं तर ते आकडे म्हणजे आपलाच संगणक. बाहेरची एखादी सेवा आपण मुद्दाम जोडली नाही, तर रुग्णांची यादीसुद्धा यंत्राबाहेर पडत नाही. या अवजाराचा इतका मोठा गुण नवख्याला पहिल्याच क्षणी दोषासारखा भासतो. आणि ती काळी खिडकी नको म्हणून बंद केली, की सगळंच बंद पडतं. हे सगळं माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे, हे उत्तर मला पटत नाही. घाबरलेला माणूस पुस्तिका उघडत नाही, तो अवजार बंद करतो. पहिल्या पानावर दोन ठळक वाक्यं पुरेशी आहेत.

फाइल निवडल्यावर मात्र एक सुरेख सोय आहे. तक्ता बनण्याआधी त्याची झलक दिसते. मराठी फाइल चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या चुकीच्या पद्धतीने, वाचली गेली, तर गावांच्या नावांऐवजी अगम्य चिन्हांची रांग लागते. खालच्या पर्यायांत यूटीएफ-८ निवडलं, की झलकेतच देवनागरी जागेवर येते. मराठी वापरणाऱ्याचं पाऊल इथेच अडतं, म्हणून तो पर्याय इतरांच्या गर्दीत नको, झलकेच्या अगदी वर हवा.

तक्ता उघडतो तेव्हा सुरुवातीला दहाच ओळी दिसतात. बाकीच्या हरवल्या की काय? एकूण आकडा वर लिहिलेला असतो, पण नजर तिथे जात नाही. कामाच्या सगळ्या सोयी स्तंभाच्या नावाशेजारच्या छोट्या त्रिकोणात दडलेल्या. डावीकडची पट्टी रिकामी असते, तेव्हा सुरुवात कुठून करायची हे तीच सांगते. रिकाम्या जागेचा असा उपयोग फार थोड्या अवजारांना सुचतो.

तो त्रिकोण दाबून जिल्ह्याच्या स्तंभावर ‘टेक्स्ट फॅसेट’ लावा. त्या स्तंभातलं प्रत्येक वेगळं रूप संख्येसह समोर येतं : ‘कोल्हापूर’ वेगळं, ‘कोल्हापुर’ वेगळं. चुकीचं रूप यादीतच एकदा सुधारलं, की त्या रूपाच्या सगळ्या ओळी सुधारतात. स्वतःच्या फाइलमधली आजवर न दिसलेली चूक अशी डोळ्यांसमोर आली, की माणूस अवजार सोडत नाही. त्याला या क्षणापर्यंत लवकरात लवकर पोचवणं, सुधारणेचं सारं काम मला एवढंच वाटतं.

त्यानंतर एक खरा धोका येतो. यादीतला एखादा जिल्हा निवडलेला असताना केलेला बदल तेवढ्याच ओळींना लागतो, आणि फाइल बाहेर काढली तर तेवढ्याच ओळी बाहेर येतात. जाणकाराला हे हवंच असतं. नवखा मात्र अर्धवट फाइल पुढे पाठवतो. बदल उलटवायला पूर्ण इतिहास आहे, मूळ फाइलही शाबूत असते, पण बाहेर गेलेली अपुरी फाइल परत येत नाही. फाइल काढताना ‘इतक्यांपैकी इतक्याच ओळी जात आहेत’ असं अवजारानेच विचारावं.

या अडचणी वर्षानुवर्षं का टिकतात? कारण पहिल्या दिवशी सोडून गेलेला माणूस तक्रार नोंदवत नाही. तक्रारी येतात त्या टिकलेल्यांच्या, आणि त्यांना नव्या सोयी हव्या असतात. उपाय स्वस्त आहे. ज्याने अवजार कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला त्याचीच फाइल घेऊन बसवायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण गप्प राहायचं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की अशी पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. स्वयंसेवकांच्या प्रकल्पालाही पाच माणसं मिळतात. मदत करायला शिवशिवणारा हात मागे घेणं तेवढं अवघड जातं.

पुढच्या आठवड्यात : एका तक्त्यावर केलेली साफसफाई जशीच्या तशी दुसऱ्या तक्त्यावर कशी चालवायची.