‘शेतकऱ्याचा असूड’मधील रान आणि पाणी

‘पर्यावरण’ ही संज्ञा मराठी विचारविश्वात रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिच्या पोटातील प्रश्न मात्र जुना आहे, आणि तो सामाजिक न्यायाच्या प्रश्नापासून अलग नव्हता, हे जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथावरून दिसते. या ग्रंथाचा विचार बहुधा धर्मसत्ता व नोकरशाही यांवरील टीका म्हणून होतो; त्यातील माती, रान व पाणी यांविषयीचे विवेचन अभ्यासकांनी पुरेसे मनावर घेतलेले नाही.

१८७८ च्या वन कायद्याने रानाच्या वापराची जुनी वहिवाट सरकारच्या मर्जीवर आणली. अल्पभूधारक कुणबी रानातील फळे, मोहाची फुले, पळसाची पाने व लाकूडफाटा यांवर आणि गायरानात चरणाऱ्या चार शेळ्यांवर अडचणीचे दिवस काढीत असे. जंगलखात्याने हा आधार काढून घेतला, अशी फुले यांची तक्रार आहे. परंतु ते तेथेच थांबत नाहीत. डोंगरावरील पालापाचोळ्याचे व मृत जीवजंतूंचे सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरते, ते वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत आणि हे काम पोलीस व पलटणीतील शिपायांकडून करून घ्यावे, असे ते सुचवितात. (ही सूचना तत्कालीन अधिकाऱ्यांना कशी वाटली असेल, याची कल्पनाच केलेली बरी!) जमिनीचा कस आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य ही त्यांच्या लेखी एकाच कारणपरंपरेची दोन टोके आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वसाहतपूर्व गावाची सामायिक साधनसंपत्ती सर्वांना सारखी खुली होती, असा समज अशा विवेचनातून सहज बळावतो. गायरानाबाबत तो काही अंशी खरा असेल. पाणवठ्याबाबत मुळीच नाही. स्वतः फुले यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, यातच गावाच्या सामायिकतेची मर्यादा स्पष्ट होते. रान अडविले ते सरकारने. पाणी अडविले होते ते शेजाऱ्याने.

मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने तो स्वीकारल्यानंतरही डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जावे लागले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले व प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादी आहे, हा सवर्णांचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला तो १९३७ मध्ये.