तबकडीच्या मैदानावर सर्वांना जागा

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या नातवंडाने दूरध्वनीवर कधी सांगितले असेल, "आजी, शनिवारी माझा अल्टिमेटचा सामना आहे." आपण "बरं, जपून खेळ" म्हणून फोन ठेवला असेल, हा खेळ कोणता, हे विचारायचे राहून गेले असेल. पुढे एखाद्या संभाषणात "आमच्या संघात मुलीच नाहीत, इतरही आहेत" असे वाक्य आले असेल आणि आपण गोंधळून गप्प झाला असाल. आजचा लेख त्या गप्प राहण्याविषयी आहे. मात्र आधी खेळाची ओळख करून घेऊ.

हा खेळ तरी कसा?

समुद्रकिनाऱ्यावर मुले प्लास्टिकची चपटी तबकडी फेकताना आपण पाहिली असतील. तीच ही फ्रिस्बी. १९६८ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेपलवूड गावच्या कोलंबिया हायस्कूलमधील विद्यार्थ्यांनी तिच्याभोवती नियम बांधले आणि 'अल्टिमेट' हा सांघिक खेळ जन्माला आला. प्रत्येक बाजूस सात खेळाडू असतात आणि तबकडीचे वजन १७५ ग्रॅम असते. हातात तबकडी असलेल्या खेळाडूने धावायचे नाही. एक पाय रोवून सहकाऱ्याकडे ती फेकायची. प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात ती झेलली की एक गुण मिळतो. तबकडी जमिनीवर पडली की ती प्रतिपक्षाची होते. धक्काबुक्कीला येथे मज्जाव आहे.

या खेळाची सर्वांत लोभसवाणी गोष्ट म्हणजे येथे मुळातच पंच नसतो. जागतिक स्पर्धांतही चूक कोणाची, याचा निवाडा खेळाडूच आपसांत बोलून करतात. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांना गुण देतात: नियमांची जाण, अंगाला लागू न देण्याची काळजी, न्यायबुद्धी, प्रसन्न वृत्ती आणि संवाद, या पाच बाबींवर. घरातील भांडणेही अशी मिटली असती तर, असा विचार आपल्या मनात आल्यास नवल नाही!

स्त्रियांची लीग, आणि तिचे दार

अमेरिकेत या खेळाची पहिली व्यावसायिक लीग २०१२ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या संघांत जवळजवळ सर्व पुरुषच होते. स्त्री खेळाडूंना समान संधी मिळत नाही, या कारणास्तव २०१८ च्या हंगामाआधी अनेक नामांकित खेळाडूंनी तिच्यावर बहिष्कार घातला. त्यांत पुरुषही होते. त्याच अस्वस्थतेतून २०१९ मध्ये 'प्रीमियर अल्टिमेट लीग' उभी राहिली. पहिल्या हंगामात राले, ऑस्टिन, नॅशव्हिल, न्यूयॉर्क अशा शहरांचे संघ होते. दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाहून मेडेयीन शहराचा 'रेव्होल्यूशन' हा संघही आला, आणि पहिले विजेतेपद त्यानेच पटकावले.

'व्यावसायिक' या शब्दाने आपली फसगत होऊ नये. क्रिकेटच्या लिलावासारखा पैसा येथे नाही. बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करतात किंवा शिकतात, आणि उरलेल्या वेळात सराव करतात.

या लीगची विशेष खूण म्हणजे तिचे दार. ही स्त्रियांची लीग आहे, परंतु 'स्त्री' या शब्दाचा अर्थ तिने रुंद ठेवला. जन्मापासून स्त्री म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळाडूंबरोबरच पारलिंगी स्त्रिया, आंतरलिंगी व्यक्ती, आणि स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याच चौकटीत न बसवणाऱ्या, ज्यांना 'नॉन-बायनरी' म्हणतात, अशा व्यक्तींनाही तिने स्थान दिले. क्रीडाविश्वात या प्रश्नावर मोठा वाद आहे आणि निरनिराळ्या संघटनांचे नियम निरनिराळे आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु आपल्यापुढचा प्रश्न नियमांचा नाही; तो घरातला आहे.

आपल्या उंबरठ्याशी

कुटुंबाने स्वीकारलेल्या तरुणांचे मानसिक आरोग्य चांगले राहते आणि झिडकारलेल्यांमध्ये नैराश्याचा व आत्मघाताच्या विचारांचा धोका वाढतो, हे या विषयावरील संशोधनात वारंवार दिसून आले आहे. म्हणून आजी-आजोबांचे एक वाक्य औषधाइतके मोलाचे ठरू शकते. सगळे समजले पाहिजे, अशी अट नाही. "मला हे नवीन आहे, पण तू माझंच आहेस, मला समजावून सांग," एवढे पुरते.

अडचण आपल्या भाषेची आहे. मराठीत 'मी आलो' की 'मी आले', 'तू गेलास' की 'तू गेलीस', हे ठरवल्यावाचून वाक्य पूर्ण होत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे थेट विचारणे: "तुला कसं हाक मारू?" सांगितलेले रूप चुकले तर लांबलचक क्षमायाचना नको, "चुकलं बरं का" म्हणून दुरुस्त करावे आणि पुढे बोलावे. स्मरणशक्ती उतरणीला लागलेल्या ज्येष्ठांकडून चुका वारंवार होतील. अशा वेळी काळजीवाहकांनी त्यांना सर्वांसमक्ष टोकू नये, आणि त्यामागे हेतू वाईट नाही हे तरुणांना समजावून सांगावे.

गुडघा, पाणी आणि झेल

आता आरोग्याचे. या खेळात अचानक थांबणे, वळणे आणि उडी मारणे असते. अशा खेळांत स्त्रियांच्या गुडघ्यातील अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. म्हणून नातवंडाला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: सामन्यापूर्वी अंग नीट गरम करतोस ना, आणि पायांच्या स्नायूंचा व तोलाचा व्यायाम करतोस ना? (किंवा 'करतेस ना', जे रूप ठरले असेल ते.) या व्यायामाने इजा टळण्यास खरोखर मदत होते. शस्त्रक्रिया झालीच, तर मैदानावर परतण्यास साधारण नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो, "अजून बरं नाही का झालं?" असे दर आठवड्याला विचारू नये.

आणि आपण स्वतः? जागतिक स्पर्धांत वयस्कर खेळाडूंसाठी 'मास्टर्स', 'ग्रँड मास्टर्स', 'ग्रेट ग्रँड मास्टर्स' असे स्वतंत्र गट आहेत. आपण तेथे जाण्याचे कारण नाही. पण नातवंड सुटीला घरी आले की अंगणात किंवा गच्चीच्या सावलीत दहा मिनिटे तबकडी फेकता येईल. मात्र काही पथ्ये पाळावीत.

• कापडी किंवा मऊ रबरी तबकडी घ्यावी. कडक तबकडी बोटांना लागते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.
• तोल जात असेल तर हात असलेल्या भक्कम खुर्चीवर बसून फेकावे.
• तबकडी झेलण्यासाठी मागे पावले टाकू नयेत. पडली तर पडू द्यावी. उचलण्याचे काम लहानांचे.
• खांदा आखडलेला असेल, पक्षाघात होऊन गेला असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर आधी डॉक्टर वा फिजिओथेरपिस्ट यांचा सल्ला घ्यावा.
• छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

शेवटी पुन्हा भाषेकडे वळू. मराठी प्रत्येक क्रियापदाला लिंग चिकटवते, असे वाटते खरे. पण तसे ते नाही. दारात उभ्या असलेल्या नातवंडाला आपण पिढ्यान्‌पिढ्या जे म्हणत आलो, ते आठवून पाहा: "ये. बस. जेव." या तिन्ही शब्दांत मुलगा नाही आणि मुलगीही नाही; आहे ते फक्त आपले माणूस. पुढच्या शनिवारी फोन आला की तेवढ्याच मायेने विचारावे, "सामना कसा झाला?"