काळ्या शाईतल्या ‘त्या’ बायका

अठराव्या शतकातली चित्रं म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? फुगलेले झगे, पावडर लावलेले विग आणि खोटं खोटं लाजणाऱ्या बायका! तुमचंही असंच असेल, तर फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराचा ‘माद्रिद अल्बम’ एकदा बघाच. फक्त रात्री झोपायच्या आधी नको, हा माझा फुकटचा सल्ला.

गोया म्हणजे राजदरबारातला बडा चित्रकार. सरदार-उमरावांची पोर्ट्रेट्स काढून नाव कमावलेला. १७९२-९३ मधल्या जबरदस्त आजारपणात तो कायमचा ठार बहिरा झाला. पुढे १७९६ च्या सुमारास, पन्नाशीतल्या या माणसाने वहीत स्वतःसाठी चित्रं काढायला घेतली. ब्रश, पाणी घालून पातळ केलेली काळी शाई आणि कागद, बस्स! ना गिऱ्हाईक, ना ऑर्डर. विषय म्हणाल तर रस्त्यावर दिसणारी माणसं, आणि त्यातही बायकाच जास्त.

मला वाटतं, तो बहिरेपणा या चित्रांत उतरलाय. रस्ता आहे, पण आवाज नाही. खरं तर बऱ्याच पानांवर रस्ताही नाही! घरं, दुकानं, झाडं सगळं गाळून टाकलंय. कोरा कागद म्हणजे भगभगीत ऊन आणि पायाशी करड्या शाईचा एक फराटा म्हणजे सावली. मधोमध एक तरुण मुलगी. कमरेत घट्ट स्कर्ट, टोकदार बूट, डोक्यावरून ‘मांतिया’ नावाची झिरझिरीत ओढणी. एकदम स्टायलिश! कुठे एखादा पुरुष आसपास घुटमळतोय. आणि कुठे मागे, काळ्या डागासारखी, एक म्हातारी.

ही म्हातारी म्हणजे कुंटीण. स्पेनमध्ये तिला ‘सेलेस्तिना’ म्हणतात, १४९९ सालच्या एका गाजलेल्या पुस्तकातल्या पात्रावरून. ती दिसली की चित्राचा मूडच बदलतो. मघाशी जे फ्लर्टिंग वाटत होतं, तो सौदा असतो.

वही पुढे सरकते तसा गोया चित्रांखाली ओळी लिहायला लागतो. तिरकस, टोचणाऱ्या. एका चित्रात डोकी भादरलेल्या बायका सूत कातत बसल्यात. जागा सान फर्नांदो. रस्त्यावरून पकडलेल्या वेश्यांना तिथे डांबून कामाला जुंपायचे. आणि गोयाची ओळ? ‘कशा कातताहेत!’ हा माणूस चिडलाय की हसतोय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

यातल्या कितीतरी कल्पना पुढे ‘लोस काप्रिचोस’ या ८० छापील चित्रांच्या संचात आल्या. फेब्रुवारी १७९९ मध्ये तो विक्रीला आला, तोही अत्तर आणि मद्याच्या दुकानात! किंमत ३२० रेआल. त्या रस्त्याच्या नावाचा अर्थ चक्क ‘भ्रमनिरास’.

संचातल्या बाविसाव्या चित्रात दोन बायकांना पुरुष धरून नेताहेत. दोघींनी डोक्यावरून ओढून घेतलंय. नाव ‘बिचाऱ्या!’ सोळाव्यात नटूनथटून निघालेल्या तरुणीसमोर एक म्हातारी भीक मागतेय. खाली लिहिलेलं वाचलं की कळतं, ती तिची आईच आहे. ते चित्र मी बराच वेळ बंद करू शकले नाही.

एक मात्र खटकतं. रस्त्यावर कुणीतरी रोखून बघतंय, हे आपल्या पाठीला न सांगता कळतं ना? गोया तसाच बघणारा. या बायकांची नावं त्याने लिहिलेली नाहीत. पण बघणाऱ्यांनाही तो सोडत नाही, हेही खरं. सातव्या चित्रात एक शौकीन डोळ्याला भिंग लावून, पार वाकून एका बाईला न्याहाळतोय. गोया म्हणतो, एवढं करूनही याला ती कोण ते कळत नाही!

गोया १८२८ मध्ये गेला. त्यानंतर वह्या फोडल्या गेल्या आणि पानं जगभर पांगली. काही माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहेत, काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये. दोन्ही म्युझियम्सच्या वेबसाइटवर ती फुकट बघता येतात. या अल्बमची पानं त्याने दोन्ही बाजूंनी रंगवलीत, तेव्हा मागची बाजूही शोधा.