मूळ वस्तू शाबूत ठेवून घडविण्याची विद्या



चितेगाव हे पैठण रस्त्यावरचे कारखान्यांचे गाव. येथील कामगारांनी यंत्रापुढे उभे राहून सुटे भाग घडविले. त्यांची मुले-मुली आता संगणकाच्या पडद्यावर वस्तू घडवू पाहत आहेत. बारावी झालेला मुलगा घरी येऊन म्हणतो, "मला थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे." मग आईवडिलांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. हे नेमके असते काय? आणि फी किती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्लासवाले ताबडतोब देतात. पहिल्याचे उत्तर मात्र कोणी नीट देत नाही. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून फी भरणारे पालक आम्ही पाहिले आहेत. काय विकत घेतो आहोत हे त्यांना माहीत नव्हते. म्हणून या विद्येतील एक महत्त्वाचा भाग आम्ही येथे साध्या भाषेत मांडीत आहोत. त्याचे नाव मॉडिफायर.

संगणकात घडविलेली वस्तू ही बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या रेषा आणि रेषांमधील पृष्ठे यांची बनलेली एक जाळी असते. हा एकेक बिंदू हाताने ओढून वस्तू घडविता येते. पण त्यात वेळ फार जातो आणि एकदा बिघडलेले निस्तरणे कठीण होते. मॉडिफायर म्हणजे त्या जाळीवर लावलेला एक नियम. नियम लावला की पडद्यावर वस्तू बदललेली दिसते. नियम काढला की ती पूर्ववत होते. मूळ जाळीला धक्का लागत नाही.

आम्ही पडलो कारकून, म्हणून आम्हाला यात पगारपत्रक दिसते. मूळ वेतन एका रकान्यात असते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता चढतो, निरनिराळ्या कपाती उतरतात आणि शेवटी हाती पडणारी रक्कम निघते. महागाई भत्त्याचा दर बदलला म्हणून कोणी मूळ वेतनावर खाडाखोड करीत नाही. तेवढा दर बदलला की पुढचा हिशेब आपोआप बदलतो. मॉडिफायरचेही तसेच आहे. ते एकाखाली एक रचले जातात आणि वरून खाली त्यांचा हिशेब होतो.

आता उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील घेऊ. वेरूळचे दहावे लेणे, म्हणजे विश्वकर्मा लेणे, आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत, पण त्या दगडात कोरलेल्या! या चैत्यगृहात २८ अष्टकोनी खांब असून ते स्तूपाच्या पाठीमागून गोल फिरतात. हे चैत्यगृह संगणकावर उभे करायचे झाले तर कसे करावे?

प्रथम एक चौकोनी खांब घ्यावा. त्याला 'बेव्हेल' हा मॉडिफायर लावला की कडा तासल्या जातात. समजा, खांबाची बाजू ६० सेंटीमीटर धरली आणि चारही उभ्या कडा दोन्ही अंगांनी साडेसतरा सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त तासल्या, तर बरोबर अष्टकोन मिळतो. पाथरवटही चौकोनी खांबाचा अष्टकोनी खांब याच रीतीने करतो. फरक एवढाच की पाथरवटाचा घाव परत घेता येत नाही. येथे आकडा बदलला की कडा पुन्हा भरून येते.

मग 'अ‍ॅरे' लावावा. हा मॉडिफायर एका वस्तूच्या ओळीने प्रती उभ्या करतो. २८ हा आकडा भरला की २८ खांब सरळ ओळीत दिसतात. ही ओळ स्तूपाभोवती वळवायची, तर एक वक्र रेषा काढून 'कर्व्ह' हा मॉडिफायर लावावा. पुढे एका खांबाची जाडी बदलावीशी वाटली तर पहिल्या खांबात बदल करावा. उरलेले २७ आपोआप तसे होतात. छताच्या फासळ्याही अशाच. एक घडवावी, बाकीच्या अ‍ॅरेने उभ्या कराव्यात.

'मिरर' हा मॉडिफायर आरशाचे काम करतो. प्रवेशद्वाराचा डावा भाग घडविला की उजवा आपसूक तयार होतो. माणसाचा चेहरा करतानाही अर्धाच करावा लागतो. 'बुलियन' हा एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूचा आकार वजा करतो. अखंड कातळातून पोकळी कोरायची असेल तर तो उपयोगी पडतो. 'सॉलिडिफाय' कागदासारख्या पातळ पृष्ठाला जाडी देतो. पत्र्याची पेटी किंवा अंगावरचे वस्त्र करताना त्याचा उपयोग होतो.

खडबडीत आकार गुळगुळीत करणारा मॉडिफायर म्हणजे 'सबडिव्हिजन सरफेस'. एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत त्याच्या मुळाशी आहे. तो प्रत्येक चौकोनी पृष्ठाचे चार भाग करतो. साध्या घनाला ६ पृष्ठे असतात. पहिल्या पायरीला त्यांची २४ होतात, दुसऱ्या पायरीला ९६ आणि तिसऱ्या पायरीला ३८४. मूळ जाळीत १,००० पृष्ठे असतील तर तिसऱ्या पायरीला ती ६४,००० होतात! पायऱ्या विचार न करता वाढविल्या की साधा संगणक अडून बसतो. अशा वेळी नवा संगणक घेण्याची घाई करू नये. काम करताना पायरी कमी ठेवावी आणि अंतिम चित्र काढतानाच वाढवावी. तशी वेगवेगळी सोय त्यातच दिलेली असते.

या सर्वांत क्रमाला फार महत्त्व आहे. १,००० रुपयांतून आधी १०० रुपये वजा करून मग दहा टक्के सूट दिली तर ८१० उरतात. आधी दहा टक्के सूट देऊन मग १०० वजा केले तर ८०० उरतात. आकडे तेच, क्रम बदलला, हिशेब बदलला. आपल्या खांबांचेही तसेच होते. अ‍ॅरे आधी आणि कर्व्ह नंतर असेल तर ओळ स्तूपाभोवती वळते. क्रम उलटा केला तर एकटा खांब वक्र रेषेवर जातो आणि त्याच्या प्रती सरळ ओळीतच राहतात. चेहऱ्याला आधी मिरर आणि मग सबडिव्हिजन लावले तर तो अखंड दिसतो. उलट केले तर नाकाच्या मधोमध शिवण दिसण्याची शक्यता असते.

मॉडिफायर कायमचा मूळ वस्तूत मिसळून टाकण्याचीही सोय आहे. तिला 'अप्लाय' म्हणतात. ती कधी कधी आवश्यक असते. पण त्यानंतर आकडा बदलता येत नाही. म्हणून अप्लाय करण्यापूर्वी फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी, हे आम्ही मुलांना आवर्जून सांगतो.

अ‍ॅनिमेशनलाही हाच पाया आहे. पात्राच्या आत हाडांचा सांगाडा बसवितात आणि 'आर्मेचर' हा मॉडिफायर त्या हाडांबरोबर शरीराची जाळी वाकवितो. पात्र चालते, वळते, हात उंचावते; पण त्याचे मूळ शरीर जसेच्या तसे राहते.

हे सारे शिकण्यासाठी काय खर्च येतो? आता मुद्द्याची गोष्ट. थ्रीडीएस मॅक्स या जुन्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडिफायरची अशी रचना आहे. पण व्यवसायासाठी ते पैसे भरून घ्यावे लागते. आम्ही वर जे जे वर्णन केले ते सर्व ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ब्लेंडरला एक पैसाही लागत नाही. त्याचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. नेदरलँड्सचे टोन रोसेंदाल यांनी ते घडविले. २००२ मध्ये ते चालविणारी कंपनी बंद पडली. तेव्हा जगभरातील वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत १ लाख युरो जमविले, सॉफ्टवेअर सोडवून घेतले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ते सर्वांसाठी मुक्त झाले. लोकवर्गणीचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळविणारा लाटव्हियाचा 'फ्लो' हा चित्रपट याच ब्लेंडरमध्ये तयार झाला. फुकट मिळते म्हणून ते हलके, असे समजण्याचे कारण नाही.

क्लास लावूच नये, असे आमचे म्हणणे नाही. चांगला शिक्षक वर्षाचे काम महिन्यांत करून देतो. परंतु पावती फाडण्यापूर्वी पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. कोणते सॉफ्टवेअर शिकविणार आणि ते नंतर घरी वापरण्यास पैसे लागतील काय? मुलाला रोज किती तास स्वतः संगणकावर बसता येईल? आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम दाखवाल काय? मधेच सोडावे लागल्यास उरलेली फी परत मिळेल काय? उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत.

आणि त्याही आधी मुलाला किंवा मुलीला महिनाभर ब्लेंडरवर एक वस्तू घडवू द्यावी. घरातली खुर्ची असो, कारखान्यातला नट-बोल्ट असो की वेरूळचा खांब असो. ग्रंथालयातला किंवा मित्राचा संगणकही सुरुवातीला चालेल. महिन्याने तिला विचारावे, "हे कोणत्या क्रमाने केलेस? क्रम बदलला तर काय होईल?" तिने उत्साहाने करून दाखविले तर फीचा पैसा कारणी लागेल, असे खुशाल समजावे. कंटाळली असेल तर ते एका महिन्यात, विनाखर्च कळले. पोरांना करून पाहू द्या, मोडू द्या, पुन्हा जोडू द्या. येथे मोडल्याने नुकसान होत नाही.