रूममेट गप्प गप्प असेल तर?

हॉस्टेलवर एखाद दिवस कुणी मेस चुकवली तर विशेष नाही. पण दोन आठवडे झोप बिघडलीय, लेक्चर बुडतायत, घरचे फोन उचलत नाही, लाडकी गिटार 'तूच ठेव' म्हणून देऊन टाकली, तर याला आळस म्हणू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का रे?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सल्ले नकोत, ऐका. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ नंबर सोबत बसूनच लावा. २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. मग वॉर्डनना, घरच्यांना कळवा. उपचार डॉक्टर करतील. तिथपर्यंत सोबत जायचं काम आपलं.