एनक्लेक्सचा अर्ज: आधी काय, नंतर काय आणि नावाचा घोळ

आजचा विषय आहे एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स व्हायचं तर द्यावी लागणारी परीक्षा. अभ्यास कसा करायचा यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, त्यात आपण पडत नाही. आज फक्त अर्जाबद्दल बोलू. कारण बीएस्सी नर्सिंग झालेल्यांचे महिनेच्या महिने आणि हजारो रुपये बरेचदा इथेच अडकतात.

आपल्याकडे कसं, डिग्री हातात आली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायची आणि कामाला लागायचं. अमेरिकेत लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं. प्रत्येक राज्याचं वेगळं नर्सिंग बोर्ड. त्यामुळे सगळ्यात आधी राज्य निवडायचं आणि त्या बोर्डाचे नियम नीट वाचायचे. इंग्रजीची परीक्षा हवी का, सोशल सिक्युरिटी नंबर हवा का, हे राज्याराज्यात बदलतं. मैत्रिणीने टेक्सासला केलं ते न्यूयॉर्कला चालेलच असं नाही.

दुसरी पायरी म्हणजे शिक्षणाची पडताळणी. बरीच राज्यं हे काम ट्रूमेरिटसारख्या (पूर्वीची सीजीएफएनएस) संस्थेकडून करून घेतात, काही स्वतःच करतात. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसोपचार या विषयांत थिअरी किती झाली आणि वॉर्डमध्ये काम किती केलं, हे त्यात तपासतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. साधारणपणे ही कागदपत्रं तुम्ही स्वतः पाठवलेली चालत नाहीत. ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून थेट जावी लागते, नोंदणीचा दाखला कौन्सिलकडून थेट. म्हणजे तुमचा वेग त्या ऑफिसातल्या टेबलावर ठरतो. कॉलेज सोडायच्या आधीच ट्रान्सक्रिप्टची चौकशी करून ठेवलेली बरी.

तिसरी पायरी, बोर्डाकडे लायसन्सचा अर्ज. आणि चौथी, पिअर्सन व्ह्यूकडे परीक्षेची नोंदणी. तिथली फी २०० डॉलर. भारतातल्या केंद्रावर परीक्षा द्यायची तर वर आणखी १५० डॉलर.

आता गंमत बघा. पिअर्सन व्ह्यूची नोंदणी कोणीही आजच करू शकतं. वेबसाइट अडवत नाही, कार्ड चाललं की झालं. पण ती नोंदणी ३६५ दिवसच टिकते. तेवढ्यात बोर्डाने तुम्हाला पात्र ठरवलं नाही तर फी बुडाली, नव्याने भरा. पडताळणीलाच कित्येक महिने लागू शकतात. म्हणून उत्साहात आधी पैसे भरू नका. कागदपत्रं पोचल्याची खात्री झाली की मग नोंदणी करा.

आणि आता नावाचा घोळ. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे असं दिसतं: कॉलेज, कौन्सिल, पडताळणी संस्था, बोर्ड आणि पिअर्सन व्ह्यू या पाच वेगळ्या सिस्टिम आहेत आणि त्यांना जोडणारा मुख्य धागा म्हणजे तुमचं नाव आणि जन्मतारीख. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. त्यात लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललं आणि डिग्रीवर माहेरचंच राहिलं, तर समोरच्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात.

उपाय सोपा आहे. पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना. बोर्ड आणि पिअर्सन व्ह्यू, दोन्हीकडे स्पेलिंगसकट तेच टाका. जुन्या नावाच्या कागदांसोबत लग्नाचा दाखला किंवा गॅझेटची प्रत जोडा. परीक्षा केंद्रावर पासपोर्टच लागतो, आधार कार्ड चालत नाही. नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीही जाते.

बोर्डाने होकार दिला की ईमेलवर एटीटी येतं, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी. त्यावर मुदत असते, साधारण ९० दिवसांची, आणि ती वाढवून मिळत नाही. मेल आल्या दिवशीच तारीख बुक करा. शेवटच्या आठवड्यात हव्या त्या शहरात जागा मिळेलच याची शाश्वती नाही. आणि हो, स्पॅम फोल्डर बघत राहा.

परीक्षेचं काय? पाच तास, ८५ ते १५० प्रश्न, आणि नापास झालात तरी किमान ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. अभ्यासाची कसर तिथे भरून काढता येते. पण मुदत संपलेली एटीटी परत जिवंत होत नाही. म्हणून आज एवढंच करा: पासपोर्ट, डिग्री आणि कौन्सिलचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक सापडला तर सुरुवात तिथूनच करायची.