उदंचन प्रकल्प: सह्याद्रीतली 'पाण्याची बॅटरी' कितीला पडते?

दुपारी ऊन रणरणतं तेव्हा सोलर प्रकल्पांतून भरपूर वीज मिळते. पण आपल्या घरातले दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात संध्याकाळनंतर. मग दुपारची वीज रात्रीसाठी साठवायची कशी? त्यावरचा एक जुना उपाय म्हणजे उदंचन जलविद्युत प्रकल्प, अर्थात पंप स्टोरेज. महाराष्ट्राने 2023 मध्ये यासाठी वेगळं धोरण आणलं आणि त्यानंतर खासगी कंपन्यांशी हजारो मेगावॉटचे करार केले.

हे चालतं कसं?

दोन जलाशय असतात, एक डोंगरावर आणि एक पायथ्याशी. वीज जास्त असते तेव्हा पंपाने पाणी वर चढवतात. विजेची मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवतात.

अकोले तालुक्यातला 250 मेगावॉटचा घाटघर प्रकल्प 2008 पासून असाच चालतो. वरचा जलाशय घाटमाथ्यावर आहे, तर खालचा कोकणात, शहापूर तालुक्यात.

जागा सह्याद्रीतच का?

इथे थोड्या अंतरात मोठा उतार मिळतो. घरावरच्या 1000 लिटरच्या टाकीतलं पाणी 400 मीटर खाली सोडलं, तर साधारण एक युनिट वीज मिळते. 250 मेगावॉट वीज सहा तास हवी असेल, तर लागतात 15 लाख युनिट, म्हणजे अशा सुमारे 15 लाख टाक्या!

फायदा काय?

मागणी वाढली की काही मिनिटांत वीज मिळते. लिथियम बॅटरी साधारण 10-15 वर्षांत बदलावी लागते, असा प्रकल्प मात्र 40 वर्षांहून जास्त चालतो. सलग सहा-आठ तास वीज पुरवायची असेल, तर तो जास्त सोयीचा ठरतो.

मग तोटा काय?

पहिला तोटा म्हणजे हा प्रकल्प नवी वीज तयार करत नाही. 100 युनिट खर्च केले की 75 ते 80 परत मिळतात. पंप कोळशाच्या विजेवर चालवले, तर प्रदूषण उलट वाढतं.

दुसरा तोटा वेळेचा. बोगदे आणि धरणं बांधायला अनेक वर्षं जातात. बॅटरी त्याहून खूप लवकर बसवता येते आणि तिच्या किमतीही घसरत आहेत.

तिसरा मुद्दा जंगल आणि पाण्याचा. तेच पाणी वर-खाली फिरत असलं, तरी सुरुवातीला जलाशय भरावे लागतात आणि बाष्पीभवनाची तूट दरवर्षी भरून काढावी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगाव धरणाच्या पाण्यावर आखलेल्या अशाच प्रकल्पाला भुदरगड तालुक्यातल्या गावकऱ्यांनी विरोध केला, तो याच पाण्यासाठी.

थोडक्यात काय?

पंप सोलरच्या जादा विजेवर चालणार असतील आणि जलाशय आधीपासून असेल, तर हिशोब फायद्याचा ठरू शकतो. नवं जंगल बुडणार असेल किंवा शेतीचं पाणी वळणार असेल, तर ती किंमत वीजबिलात दिसत नाही. ती घाटातली गावं मोजतात.

त्यामुळे नव्या प्रकल्पाची घोषणा ऐकली की मेगावॉटच्या आकड्यासोबत आणखी दोन गोष्टी विचारा: पंपाला वीज कुठली आणि जलाशयात पाणी कुणाचं?